दोनशे बारा खेळांची नोंदवही

नवरा गेल्यानंतर पंधराव्या दिवशी ती लॅबमध्ये हजर झाली. रक्त घेणाऱ्या सिस्टरने तिला मिठी मारली आणि स्वतःच रडायला लागली. हिने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "वॉर्डातून ट्रे आला का?" त्या दिवसापासून लॅबमध्ये तिच्यामागे कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, काळजाचा दगड झालाय बिचारीच्या. कुणी म्हणे, आधीपासूनच दगड असेल. दोन्ही तिच्या कानावर आलं. यातलं खरं कुठलं, याचा तिने जरासा विचारही केला आणि मग सेंट्रिफ्यूजचं झाकण लावून बटण दाबलं.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, मोटरच्या खोलीत काम करत असताना त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बरोबरच्या माणसाने हाक मारली तेव्हा हातातला पाना तसाच घट्ट धरलेला होता म्हणे. वय सेहेचाळीस. ना कधी डोकं दुखलं, ना कधी चक्कर आली. मूलबाळ नव्हतं. घरात उरले दोघंच, ती आणि सासरे.

सासरे चौतीस वर्षं कापड गिरणीत बॉयलर अटेंडंट होते. त्या कामात हातापायांची फार हालचाल नसते. काट्याकडे बघत बसायचं, दर तासाला वहीत दाब लिहायचा, पाण्याची पातळी लिहायची. काटा लाल खुणेकडे सरकायला लागला तरच उठायचं. बॉयलरच्या आवाजाने त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा निम्मा. बोलणं आधीही मोजकंच, आता तर सासरे आणि सून म्हणजे एका धर्मशाळेत उतरलेले दोन मुसाफिर. ती सकाळी सातला त्यांचं जेवण झाकून बाहेर पडायची आणि दुपारी साडेतीनला परत यायची. त्यांचं ताट घासून पालथं घातलेलं असायचं.

"जेवलात?"

"हो."

"गोळी?"

"घेतली."

संपलं. याच्यापुढे दिवसभराचं बोलणं नाही. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, एवढंच.

दोन महिने असेच गेले. मग एका रविवारी नणंदेचा फोन आला. नणंद बेचाळीस वर्षांची, उंची सहा फुटाला दोन बोटं कमी, गाडी शिकवण्याच्या शाळेत शिकवायची, आणि आवाज असा की शिकाऊ माणूस ब्रेकऐवजी दचकूनच थांबावा. पण दोन भावंडांतली धाकटी, म्हणून घरात तिला सगळे बारकी म्हणायचे. ते नाव तिला कधीच सोडून गेलं नाही.

"वहिनी, महिनाअखेरीला येतेय मी. बाबांना घेऊन जाते. तू सातला बाहेर पडतेस, ते दिवसभर एकटे भिंतीकडे बघत बसतात. बरं दिसत नाही ते."

"बरं."

"बरं काय? थोडी भांड तरी."

"घेऊन जा. त्यांची लेकच आहेस तू."

बारकी म्हणाली, "आणि टीव्हीखाली तो पांढरा डबा आहे ना दादाचा, गेमचा? तो पण मला दे. आमच्या लहानपणीचे सगळे खेळ त्यात घालतोय म्हणाला होता. चालतो का, तेवढं बघून ठेव."

तो डबा म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेमचा कन्सोल. बनवणाऱ्यांनीही त्याचा नाद कधीच सोडला होता. नवऱ्याने एका सुट्टीत खटपट करून त्याला आतून मोकळा केला होता, म्हणजे बाहेरचे खेळही त्यात चालावेत असा, आणि मग भाजी चिरत बसलेल्या बायकोला उत्साहाने समजावलं होतं. या डब्याच्या काळातले खेळ आता जुने झाले, पण त्याच्याही आधीचे जे डबे होते, मेले, भंगारात गेले, त्यांचं सोंग हा घेऊ शकतो. सोंग आणणारा जो प्रोग्राम, तो एम्युलेटर. एका छोट्या कार्डावर ते एम्युलेटर आणि जुने खेळ भरायचे, कार्ड डब्यात खुपसायचं, की झाला डबा तीस वर्षांनी म्हातारा. "म्हणजे बहुरूपीच की," ती म्हणाली होती. "अगदी!" तो म्हणाला होता आणि परत आपल्या खटपटीला लागला होता. तिला त्यात रस नव्हता. त्याला रस आहे, याचं बरं वाटायचं.

सोमवारी कामावरून आल्यावर तिने टीव्ही लावला. सासरे आत पडले होते. डबा चालू झाला. कसं काय करायचं हे माहीत नव्हतं, म्हणून ती दिसेल ते उघडत गेली. एका पानावर तारखा होत्या. हा डबा रोजच्या रोज आपणहून एक चिठ्ठी लिहायचा, आज काय चालवलं आणि किती वेळ. वरची चिठ्ठी आजच्या तारखेची होती. तीन तास बारा मिनिटं.

घड्याळ चुकलं असेल, असं तिला वाटलं. घड्याळ बरोबर होतं. ती मागे गेली. रविवारी काही नाही. शनिवारी तीन तास पाच मिनिटं. शुक्रवारी दोन तास अठ्ठावन्न. अशा सात-आठ आठवड्यांच्या चिठ्ठ्या. त्याच्या मागे पंधरा दिवस कोरे. आणि त्याच्याही मागे, नवरा गेला त्याच्या आदल्या दिवसाची चिठ्ठी, चाळीस मिनिटं.

ती तशीच बसून राहिली. घाबरली नाही. लॅबमध्ये एखाद्या रिपोर्टात भलताच आकडा आला की घाबरायचं नसतं, नमुना परत लावायचा असतो. तिने तेच केलं. मंगळवारी येऊन पाहिलं, तीन तास एक मिनिट. बुधवारी, तीन तास दहा. चिठ्ठ्या सुरू झाल्या होत्या तो दिवस ती कामावर परत गेली तो होता, हे तिला बुधवारी भाजी निवडताना लक्षात आलं.

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अकरा वाजता घरी आली.

किल्लीने दार उघडलं तरी सासऱ्यांना ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. पॅसेजमधून तिला ते दिसले. सोफ्यावर नाही, स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून तिच्यावर ताठ बसले होते. टीव्हीचा आवाज बंद. दोन्ही हातांत रिमोट, शेजारच्या स्टुलावर लाल कापडी पाठीची वही, तिच्यात दोरीने बांधलेलं पेन. पडद्यावर एक छोटंसं विमान इकडेतिकडे जात होतं. त्यांनी ते थोडं चालवलं, पडू दिलं, खेळ बंद केला, वहीत काहीतरी लिहिलं. मग पुढचा खेळ लावला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून ते त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. तीही पॅसेजमध्ये तेवढाच वेळ उभी राहिली. दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी वही ओढली.

ती पुढे जाऊन त्यांच्या नजरेसमोर उभी राहिली. ते दचकले नाहीत.

"आज लवकर?"

"हो. बाबा, हे काय करताय?"

त्यांनी वही तिच्या हातात दिली. पहिली दोन पानं नवऱ्याच्या अक्षरात होती. क्रमांक, खेळाचं नाव, चालतो की नाही, शेरा. अडतीसपर्यंत त्याचं अक्षर. एकोणचाळीसपासून अक्षर बदललं होतं, ठाशीव, प्रत्येक ओळीत वेळ घातलेली, आणि एकेक खेळ चार-चार दिवस परत लावून तपासलेला. *क्र. ३९. सकाळी ९.२०. चालू. आवाज तपासला नाही, मला ऐकू येत नाही. क्र. ४०. ९.३५. पडदा काळा. दहा मिनिटे वाट पाहिली. बदल नाही.*

"त्याने सांगितलं होतं," सासरे म्हणाले. "गेला त्याच्या आदल्या रविवारी. म्हणाला, बाबा, दोनशे बारा आहेत, मला वेळ होत नाही. तुम्ही घरीच असता. कुठला चालतो, कुठला नाही, तेवढं लिहून ठेवा."

"मग?"

"मग काय? लिहितोय."

ती वही चाळत राहिली. सुटलेले क्रमांक होते अधूनमधून. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, *दोन माणसे लागतात. तूर्त शक्य नाही.*

तिला आतून काहीतरी वर येईल असं वाटलं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर जीभ लावून बघावं, गाल आहे हे कळतं पण गालाला काही कळत नाही, तसं झालं. तिने पर्स खाली ठेवली, हात धुतले आणि दुसरा रिमोट शोधला. तो सोफ्याच्या फटीत होता.

"कुठून सुरू करायचं?"

"बेचाळीस," सासरे म्हणाले.

त्या दिवसापासून रोज चारच्या सुमारास दुसरी पाळी सुरू झाली. सकाळची पाळी ते एकटे करत, दुपारची दोघं मिळून. खेळण्यात दोघांनाही गती नव्हती. तिची होडी पहिल्याच खडकावर फुटायची, त्यांचा रणगाडा स्वतःच्याच भिंतीवर गोळे घालायचा. पण जिंकायचं कुणाला होतं? चालतो की नाही, एवढंच बघायचं. तरी एकदा फुटबॉलच्या खेळात त्यांनी तिच्यावर गोल चढवला तेव्हा ते म्हणाले, "झोपलीस काय?" आणि मग आपण काय बोललो हे लक्षात आल्यासारखे वहीत बघू लागले.

काही खेळ चालायचे, पण रडतखडत. माणूस उडी मारायचा आणि खाली यायला चहा पिऊन यायचा. सासरे लिहायचे, *मंद*. तिला ते खटकायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर वाचू लागली. या विषयावर जगभरातली माणसं पानंच्या पानं लिहीत बसलेली होती. कुणाला कशाचं वेड असेल, सांगता येत नाही. वाचून वाचून तिला कळलं की डब्याची स्मरणशक्ती थोडी आहे आणि चित्र गुळगुळीत करण्यातच त्याचा दम जातो. गुळगुळीत करणं बंद केलं, चित्राच्या जुन्या टीव्हीसारख्या जाडसर रेघा दिसू दिल्या, आणि तरीही अडलाच तर एकाआड एक चित्र सोडायला सांगितलं, की बराच फरक पडतो. तिने एकेक करून बदललं. जे बदलायची ते सासऱ्यांना सांगायची, ते लिहून घ्यायचे. एक दिवस ते दात घासत असताना तिने वही उघडली, तर लिहिलं होतं, *क्र. ५७. पूर्वी मंद. सुनेने दुरुस्त केला.*

ती ओळ तिने तीनदा वाचली आणि वही होती तशी ठेवून दिली.

एकदा, चौऱ्याहत्तर की पंचाहत्तर नंबर चालू होण्याची वाट बघत असताना, सासरे आपणहून बोलले. "त्याचा पहिला डबा मी कचऱ्यात टाकला, असं त्याला वाटायचं."

"टाकला नव्हता?"

"नाही. परीक्षेत नापास झाला तेव्हा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी गिरणीत नेला आणि बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या फायरमनला देऊन टाकला. फायरमन चांगला होता. त्याला खूप आवडायचं ते. जेवणाच्या सुट्टीत टाइमकीपरच्या टीव्हीला जोडून खेळत बसायचे सगळे. मी पण बसायचो."

"ह्यांना सांगितलं नाहीत कधी?"

"काय सांगणार? पोराचा काढून घेतला आणि आपण खेळलो, म्हणून?" पडदा उजळला. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं लागली," ते म्हणाले आणि लिहायला वाकले.

मग तिच्याकडून ते घडलं. शनिवारची दुपार होती. एम्युलेटरची नवी आवृत्ती आल्याचं तिने वाचलं होतं. नवऱ्याच्या लॅपटॉपला कार्ड लावून ती कॉपी करत होती. कॉपी पुरी झाली नव्हती. पडद्यावर तसं स्पष्ट लिहिलेलंही होतं. तिने ते वाचलं आणि कार्ड उपसलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. घाई नव्हती, राग नव्हता. हात पुढे झाला आणि उपसलं, झालं.

डब्यात घातलं तर डबा म्हणाला, कार्ड वाचता येत नाही. लॅपटॉपला लावलं तर तोही तेच म्हणाला. दुष्काळात तेरावा महिना.

तिने सासऱ्यांना सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ती उजव्या कानाशी मोठ्याने बोलली. त्यांनी वही मिटली.

"हात कशाला लावलास?" ते ओरडले. बॉयलरच्या आवाजावर चढवून बोलायची सवय असलेला तो आवाज, दोन महिने न वापरलेला. खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. "चालत होतं ना? चालत असलेल्या यंत्राला हात लावायचा नसतो, एवढंही कळत नाही? कोणी सांगितलं होतं तुला?"

ती उभी राहिली. इतके दिवस सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं जपत होते. कुणीतरी ओरडलं, याचं तिला जवळजवळ बरं वाटलं. "कोणी नाही," ती म्हणाली. "चूक झाली, बाबा."

सासरे खुर्चीवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग बसले.

खेळ गेले नव्हते, ते लॅपटॉपवर होतेच. गेलं होतं ते बाकीचं. प्रत्येक खेळासाठी लावलेले बदल, आणि नवऱ्याने अर्ध्यावर ठेवलेले डाव. एका खेळात त्याने एकसष्ट तास घालवले होते. कुठल्याशा डोंगरापर्यंत पोचला होता, त्याने तिला दाखवलाही होता तो डोंगर. आता तो खेळ उघडला तर पहिल्या गावाच्या वेशीवर उभं राहावं लागणार होतं. ती त्या डोंगराबद्दल विचार करत भांडी घासत राहिली. डोंगर निळा होता की करडा, एवढंही तिला आठवेना.

रविवारी सकाळी ती नवं कार्ड घेऊन आली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. कार्ड कोरं केलं, एम्युलेटर टाकले, खेळ टाकले, आणि या वेळी कॉपी पुरी होईपर्यंत हात मांडीखाली दाबून बसली. बदलांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच. तेवढ्यात सासरे समोर येऊन बसले, चष्मा लावला आणि वही उघडली.

"क्रमांक तीन," त्यांनी खड्या आवाजात वाचलं. "गुळगुळीत बंद. रेघा जुन्या. क्रमांक सात. एकाआड एक चित्र सोडणे. आवाज वेगळा लावणे. लावलंस?"

"लावलं."

"क्रमांक नऊ."

त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं. नवऱ्याच्या अक्षरातल्या शेऱ्यांपासून तिच्या कालच्या बदलापर्यंत एक अक्षर सुटलं नव्हतं. तीन दुपारी ते वाचत गेले आणि ती लावत गेली. कालच्या ओरडण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मध्येच त्यांनी एक संत्रं सोललं, शिरा काढल्या आणि अर्धं तिच्यापुढे सरकवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा पूर्ववत झाला. नवऱ्याचे डाव तेवढे आले नाहीत. सासऱ्यांनी लिहिलं, *कार्ड बदलले. जुने साठे गेले. बाकी ठीक.*

बारकी ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीला, शुक्रवारी दुपारी आली, शिकवणीच्या गाडीतून, मागेपुढे लाल अक्षरं मिरवत. जिना चढताचढताच तिचं सुरू झालं. "बाबा, बॅग भरली का? वहिनी, किती वाळलीस! उद्या सकाळी निघायचं हं आम्हाला."

सासरे खुर्चीवरून उठले नाहीत. "मी नाही येत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"एकशे शहाऐंशी झालेत. ड्यूटी चालू आहे."

"कसली ड्यूटी?"

"पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय बॉयलर सोडायचा नसतो," सासरे म्हणाले आणि पडद्याकडे वळले. बारकीने वहिनीकडे असं पाहिलं, जणू विचारतेय, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आणि मला फोनवर ताकास तूर लागू दिला नाहीस?

स्वयंपाकघरात दोघींची जुंपली. जुंपली म्हणजे एकटी बारकीच भांडली.

"अगं, हे बरं आहे का? गेलेल्या माणसाची यादी पुरी करत बसलेत! आणि तू पण त्यांच्या जोडीला? मला वाटलं होतं, तू शहाणी आहेस."

"संपत आलीय यादी."

"संपल्यावर?"

"माहीत नाही."

"तू त्यांना ठेवून का घेतेस, वहिनी? खरं सांग. तू तर त्यांच्याशी चार शब्द बोलत नाहीस. तू कुणाशीच बोलत नाहीस. दादाला नेलं त्या दिवशीसुद्धा तू..." ती थांबली.

"सुद्धा मी रडले नाही," तिने वाक्य पुरं केलं. भाजी चिरणारा हात थांबला नव्हता. "नाही आलं मला रडू. येईल तेव्हा येईल. नाही आलं तर नाही. पण बाबा इथेच राहतील."

शेवटचं वाक्य ऐकून तिलाच नवल वाटलं. तिने असं काही ठरवलेलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी कुणी विचारलं असतं तर तिने बॅग भरून दिली असती. पण आता ते बोलून झालं होतं, आणि बोललेलं परत घ्यावं असं वाटत नव्हतं.

बारकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढी धिप्पाड बाई, ओट्याला टेकून पदर नसलेल्या कुर्त्याच्या बाहीला डोळे पुसू लागली. "मग मी काय करू?" ती म्हणाली. "माझ्याकडे काय राहिलं त्याचं?"

हिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "लहानपणी तुम्ही दोघं मिळून खेळायचात, तो खेळ कुठला होता?"

"खाणीचा."

खाणीचा खेळ वहीत सत्त्याण्णव नंबरला होता. *पडदा काळा. दहा मिनिटे वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बदल नाही.* तिने लॅपटॉप काढला. तो खेळ ज्या जुन्या डब्यावर चालायचा त्याचं सोंग घेणारे आणखी तीन एम्युलेटर होते, एक दुसऱ्यापेक्षा जुना. ते तिने कार्डावर घेतले आणि एकेक टीव्हीवर लावून पाहिला. पहिल्यावर काळा. दुसऱ्यावर काळा. बारकी मागे उभी राहून गाडी शिकवल्यासारख्या सूचना देत होती, "हळू, हळू, आता दाब!" तिसरा, सगळ्यांत जुना आणि सगळ्यांनी टाकून दिलेला, त्याच्यावर पडदा उजळला.

खाण आली. दोन माणसं आली, एक कुदळवाला आणि एक गाडेवाला. पण खाणीवरचं आकाश हिरवं होतं, शेवाळासारखं गर्द हिरवं.

"रंग चुकलेत," ती म्हणाली. "थांब, बघते. कुठेतरी रंगांचं असेल काहीतरी."

"नको," बारकी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "वहिनी, नको हात लावूस. आमच्याकडे असंच दिसायचं. आपल्या त्या टीव्हीचा निळा रंग गेला होता, नाही का हो बाबा?"

सासरे पुढे झुकून पडद्याकडे पाहत होते. "दुरुस्तीला टाकायचा राहिला," ते म्हणाले. "मग पुढे राहूनच गेला."

"कितीतरी वर्षं मला वाटायचं, या खेळात आकाश हिरवंच असतं."

बारकीने रिमोट घेतला. वहिनीने दुसरा घेतला आणि सवयीने कुदळवाला निवडला. बारकीने तिच्याकडे पाहिलं. "तू पण? दादा पण मला कधी कुदळ द्यायचा नाही. मी जन्मभर गाडा ढकललाय या खेळात. खरं सांगू? मला हा खेळ कधी आवडलाच नाही. तो एकटा बसला असता म्हणून बसायचे."

वहिनीने रिमोट बदलून दिला. बारकीने कुदळ घेतली आणि तीन मिनिटांत दोघींच्या डोक्यावर खाण पाडली. पुन्हा लावला. पुन्हा पाडली. तिला खणणं काही जमत नव्हतं. चौथ्या वेळी तिने मुकाट्याने गाडा घेतला आणि इतक्या सफाईने चालवला की सासरे म्हणाले, "वा." ते वहीत लिहीत होते. वहिनीने वाकून पाहिलं. *क्र. ९७. चालू. जुना एम्युलेटर. आकाश हिरवे. तसेच ठेवावे.*

बारकी दोन दिवस राहिली. रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा दोघं तिला सोडायला खाली उतरले. डबा तिने मागितला नाही. तिच्यासाठी दुसरं कार्ड भरून दिलं होतं. तसला डबा तिच्या शाळेतल्या कुणाकडे तरी धूळ खात पडलाय म्हणे. यादी संपल्यावर बाबांनी महिनाभर तिच्याकडे यायचं आणि मग परत इथे यायचं, असं ठरलं. सासऱ्यांनी मान हलवली, ती होकाराची की ऐकू न आल्याची, कुणी विचारलं नाही. गाडी वळणावरून गेली. लाल अक्षरं दिसेनाशी झाली.

लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून जायचे होते. पहिल्या मजल्यावर सासरे थांबले, कठड्याला धरून श्वास घेतला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुन्हा थांबले. तीही एक पायरी खाली थांबली.

"तुझं काम नक्की काय असतं गं तिथे?" त्यांनी विचारलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

"लॅबमध्ये?"

"हं."

ती त्यांच्या उजव्या बाजूला आली, म्हणजे ऐकू जावं.

"सकाळी वॉर्डातून रक्त येतं," ती म्हणाली. "छोट्या नळ्या असतात. प्रत्येकीवर नंबर. आधी ते फिरवायचं यंत्रात, म्हणजे लाल खाली बसतं आणि वर पिवळं पाणी राहतं."

"फिरवताना दाब किती?"

"दाब नसतो, बाबा. फेरे असतात. मिनिटाला तीन हजार."

"तीन हजार," सासरे म्हणाले, आणि पुढची पायरी चढले. "मग?"